व्हायोलिनची किरकिर: गेली म्हणता म्हणता परत येते तेव्हा

तक्रार अशी असते. शिकायला लागून सहा-आठ महिने झालेले असतात. मधे पंधरा-वीस दिवस आवाज कसा गोल, भरीव निघतो. वाटतं, चला, जमलं एकदाचं. आणि मग एका सकाळी वाद्याची पेटी उघडावी, गज (बो) तारेवर ठेवावा, तर बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखी तीच जुनी करकर. ये रे माझ्या मागल्या.

मी ५७व्या वर्षी व्हायोलिन हातात धरलं, आता ६१वं चालू आहे. एवढ्या काळात ही किरकिर माझ्याकडे अकरा वेळा मुक्कामाला आली. पहिल्या दोन खेपांना मी तेच केलं जे सगळे करतात: रियाजाचा वेळ वाढवला. दोन्ही वेळा किरकिर वाढली आणि मान धरली ती वेगळीच. तिसऱ्या खेपेपासून एक शाळकरी वही केली. कधी सुरू झाली, कोणत्या तारेवर, गजाच्या कोणत्या भागात, त्या आठवड्यात नवीन काय शिकत होते आणि शेवटी कशाने गेली, एवढंच त्यात लिहायचं.

त्या नऊ नोंदी पुढ्यात घेऊन बसले आहे. दोन वेळा दोष वाद्याचा निघाला. एकदा कानाचा, म्हणजे कानाला फसवणाऱ्या एका रबराचा. उरलेल्या सहाही वेळा उजव्या हाताचा. आणि गंमत म्हणजे त्या सहाच्या सहा वेळा त्याच आठवड्यात नवीन काम मिळालं होतं ते डाव्या हाताला. कधी करंगळी पहिल्यांदा वापरायची होती, कधी नवी चीज, कधी दोन तारांवर उड्या. हे एकाखाली एक लिहिलेलं दिसलं नसतं तर मला जन्मात सुचलं नसतं.

‘वय झालं, बोटं ताठरली’ हे निदान बाजूला ठेवा. वयाचा वाटा आहे, तो पुढे येईलच. पण आठ वर्षांच्या मुलाचं व्हायोलिनही सुरुवातीला असंच करकरतं. ते मूल दचकून गज आवळत नाही, आपण आवळतो.

आधी दोन मिनिटांची चाचणी

डावा हात कामातून काढून घ्या. वाद्य खांद्यावर, डावा तळवा वाद्याच्या कडेला आधारापुरता. चार तारांपैकी ए ची मोकळी (बोट न ठेवलेली) तार घ्या आणि गजाच्या मधल्या भागाने चार मोजत ओढा, चार मोजत ढकला. दहा वेळा. मग डी, मग जी, शेवटी ई. तुमच्या तारा सा-प, सा-प अशा लावलेल्या असतील तरी चाचणी हीच. वाजवताना आवाज सुधारण्याचा प्रयत्न करू नका. आत्ता फक्त ऐकायचं आहे.

चारांपैकी एकाच तारेवर करकर असेल तर आधी त्या तारेकडे आणि घोडीकडे (तारा ज्यावर टेकतात तो उभा लाकडी तुकडा) बघा. सगळ्या तारांवर आणि गजाच्या टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे असेल तर केसांना लावायची राळ किंवा गजाचे केस. सगळ्या तारांवर आहे, पण फक्त टोकाकडे किंवा फक्त मुठीकडे, तर हात. आणि मोकळ्या तारा स्वच्छ वाजतात पण बोट ठेवलं की बिघडतं, असं असेल तर वाद्याला हात लावू नका, त्यात काही नाही. माझ्या नऊपैकी सहा नोंदी या शेवटच्या गटातल्या.

शंका राहिली तर शिकवणाऱ्यांना तुमच्याच गजाने तुमचंच वाद्य वाजवायला सांगा. माझी शिक्षिका माझ्या लेकीच्या वयाची आहे. ती मला काकू म्हणते, मी तिला बाई म्हणते. तिच्या हातात माझं करकरणारं डबडं मधासारखं वाजलं तेव्हा मला दोन मिनिटं वाईट वाटलं. पण अर्धं निदान तिथेच झालं होतं.

अंगण खरंच वाकडं असतं कधी कधी

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण माझ्या डोक्यात इतकी घट्ट बसली होती की अंगण तपासायचं मी दीड महिना टाळलं. चूक माझीच असणार, असं धरून चालले होते. घोडी झुकली होती.

व्हायोलिनची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबावर ती नुसती उभी असते. खुंटी पिळून तार चढवली की तार खुंटीकडे सरकते आणि घोडीचा वरचा काठ आपल्याबरोबर फिंगरबोर्डकडे (बोटं ठेवायच्या पट्टीकडे) ओढून नेते. दर वेळी केसभर. नवशिक्या माणसाच्या तारा रोज उतरतात, म्हणून तो रोज चढवतो, आणि तीन महिन्यांत घोडी नमस्कार घालायला लागते. मग तिचे पाय वाद्याच्या पोटावर, म्हणजे वरच्या फळीवर, सपाट टेकत नाहीत, आवाज पातळ आणि फाटका होतो. तपासायला एक जाड कार्ड पुरतं. कार्डाचा काटकोन घोडीच्या टेलपीसकडच्या (तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीकडच्या) बाजूला लावून बघा. ती बाजू वाद्याच्या पोटाशी जवळजवळ काटकोनात हवी. माझ्या घोडीच्या आणि कार्डाच्या मधे वरच्या टोकाला दोन मिलिमीटरची फट होती.

सरळ करताना बसून, वाद्य मांडीवर घेऊन, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि बोटांनी घोडीचे वरचे कोपरे धरायचे आणि हलकेच मागे घ्यायचे. पहिल्या वेळी शिकवणाऱ्यांच्या देखत करा. तारा बसतात त्या खाचांत शिसपेन्सिल फिरवून ठेवली की तार घसरते, घोडीला ओढत नाही. आणि काहीही झालं तरी चारही तारा एकदम सैल करू नका. आत साउंड पोस्ट नावाची एक छोटी काठी उभी असते, तीही नुसत्या दाबावर. ती पडली तर कारागिराकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी वाद्याची खेप राळेची. ती तर मी स्वतःच ओढवून घेतली होती. गजाला राळ लावली नाही तर केस तारेवरून नुसते घसरतात, आवाजच निघत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलेलं. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की आवाज बिघडला की राळ लावायची. करकर झाली, लाव राळ. अजून करकर, अजून लाव. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. राळ कमी पडली तर आवाज फुसका, हवा गेल्यासारखा येतो. जास्त झाली तर वाळूवरून पाय घासल्यासारखा खरखरीत. या दोन्ही तक्रारींना आपण ‘किरकिर’ हा एकच शब्द वापरतो म्हणून घोटाळा होतो. रोज तासाभराच्या आत वाजवणाऱ्याला तीन-चार फेऱ्या पुरतात. तारांवर पांढरा थर दिसत असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसा, वाजवून झाल्यावर रोज. स्पिरिट वापरायचा मोह होईल. त्याचा एक थेंब पोटावर पडला तरी वार्निश विरघळतं, म्हणून नकोच.

केस घोड्याच्या शेपटीचे असतात, गजाला साधारण दीडशे ते दोनशे. हाताने चाचपू नका, त्वचेचं तेल लागलं की तेवढ्या भागाला राळ धरत नाही आणि तिथेच गज घसरतो. ताण किती द्यायचा? काठीच्या मध्यावर केस आणि लाकूड यांत पेन्सिल जाईल एवढी फट. जास्त आवळलात तर गज तारेवर टणाटण उडेल आणि तुम्हाला वाटेल आपला हात थरथरतो. वाजवून झालं की सैल करून ठेवायचा. नियमित वाजवणाऱ्याला वर्षाकाठी केस बदलून घ्यावे लागतात.

खुंट्यांबद्दल एकच सांगते. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि खुंट्या सुटतात, दमट झाली की फुगून अडकतात. खुंटी निमुळती असते, म्हणून पिळताना आत रेटत पिळायची असते. सांधे दुखणाऱ्या बोटांना हे जड जातं. टेलपीसवर चारही तारांना फाइन ट्यूनर बसवून घ्या, किंवा आतून दातेरी यंत्रणा असलेल्या खुंट्या मिळतात त्या बसवा. यात कमीपणा काही नाही. तार लावण्यातच बोटं दमली तर वाजवायला काय उरणार?

किरकिर म्हणजे तारेचं नेमकं काय होतं

हे मला कोणी पहिल्या महिन्यात सांगायला हवं होतं. गज तारेला घासत नाही, पकडतो आणि सोडतो. राळेमुळे केस तारेला चिकटतात, तिला बाजूला ओढत नेतात, ताण वाढला की तार सटकते, लगेच पुन्हा पकडली जाते. ए ची तार ४४० हर्ट्झला लावलेली असेल तर हे सेकंदाला ४४० वेळा घडतं. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकात ही हालचाल उलगडून दाखवली. आपले सी. व्ही. रामन यांनीही १९१८मध्ये गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर मोठा प्रबंध लिहिला होता; ज्या कामाला नोबेल मिळालं ते त्यानंतरचं.

प्रत्येक आवर्तनात तार एकदाच सटकली तर सूर स्वच्छ. गजाचा भार कमी पडला तर ती मधेच दुसऱ्यांदा सटकते आणि शिट्टीसारखा पोकळ आवाज येतो. भार फार झाला तर वेळेवर सुटतच नाही, आणि मग करकर. म्हणजे भाराला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा आहेत, मधल्या पट्ट्यात राहायचं. जॉन शेलेंग यांनी १९७३मध्ये या मर्यादांचं गणित मांडलं. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, घोडीच्या जितकं जवळ जाल तितका भार जास्त लागतो आणि पट्टा अरुंद होतो. दुसरी जास्त महत्त्वाची: गजाचा वेग कमी झाला की वरची मर्यादाही खाली येते. हात तेवढाच भार देतोय, पण गज मंदावला, तर काल बरोबर असलेला भार आज जास्त ठरतो.

माझ्या सहा नोंदींचं मूळ या एका वाक्यात होतं.

उजवा हात डाव्याच्या काळजीने आवळतो

करंगळीच्या आठवड्याची नोंद सविस्तर आहे, म्हणून तीच सांगते. डी तारेवर चौथं बोट पहिल्यांदा ठेवायचं होतं. माझी करंगळी आखूड, त्यात ती वाकायला नाखूश. सगळा जीव डाव्या हातात. पहिली तीन बोटं स्वच्छ, चौथं ठेवलं की करकर. मी समजत होते की करंगळीचा दाब कमी पडतोय, म्हणून दाबत होते. बाईंनी करंगळीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि वाजवत असतानाच माझ्या अंगठ्याच्या पेरावर त्यांनी बोट टेकवलं. ‘काकू, हा खिळा कोणी ठोकला?’

अंगठा सरळ, ताठ, काठीत रुतलेला. पेर पांढरं पडलेलं. अंगठा ताठला की मनगट अडकतं, मनगट अडकलं की तर्जनी काठीला खाली दाबायला लागते. आणि त्याच वेळी, डोकं डाव्या हातात असल्यामुळे, गज नकळत मंदावतो. भार वाढला, वेग घटला. दोन्हीकडून करकरीला दार उघडं. चौथं बोट खाली येण्याच्या अर्धा क्षण आधीच हे सगळं झालेलं असायचं. भीती बोटाच्या आधी पोचते.

उपाय तीन टप्प्यांत केला, आणि तोच पुढच्या पाचही वेळी चालला.

पहिला टप्पा, दोन्ही हात वेगळे करणं. डाव्या हाताची नवी हालचाल गजाशिवाय, नुसती बोटं ठेवून किंवा तार छेडून. त्यानंतर डावा हात खाली सोडून, त्याच ओळीची फक्त गजाची चाल मोकळ्या तारांवर. जिथे ओढायचं तिथे ओढायचं, जिथे तार बदलायची तिथे बदलायची, सूर मात्र नाहीत. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण गजाची चालच मला नीट पाठ नव्हती, हे यातून कळलं.

दुसरा टप्पा म्हणजे ‘सावकाश वाजवा’ या सल्ल्याचा खरा अर्थ. आपण सावकाश म्हटलं की गजही सावकाश करतो, चार बोटं लांबीत रांगवतो. आणि मग संथ गज, जड हात, करकर. सावकाश व्हायचं ते बोटांनी, गजाने नव्हे. गजाचे केस साधारण ६५ सेंटीमीटर लांब असतात. एका सुराला दोन सेकंद द्यायचे असतील तर त्या दोन सेकंदांत मुठीपासून टोकापर्यंत जवळजवळ सगळा गज खर्च करा. सुरुवातीला उधळपट्टी वाटते. माझी करकर पहिल्याच दिवशी निम्मी झाली ती यानेच.

तिसरा टप्पा, अंगठा तपासण्याची खूण. दर ओळीनंतर गज तारेवरच ठेवून तर्जनी काठीवरून उचलायची. उचलता आली तर ठीक. उचलताना गज डगमगला, किंवा बोट सुटायलाच तयार नसलं, तर सगळा भार बोटाच्या चिमटीतून जात होता. गज साधारण ६० ग्रॅमचा असतो. त्याला धरून ठेवायला चिमटा लागत नाही. भार सबंध दंडाचा यायला हवा, खांद्यापासून लोंबता. अंगठा किंचित बाकदार, करंगळी काठीच्या वर गोल बसलेली. मुठीजवळ गज आपल्याच वजनाने तारेवर जड असतो, तिथे करंगळी त्याला तोलून धरते. टोकाकडे तो हलका होतो, तिथे तर्जनी थोडी झुकते. ही अदलाबदल प्रत्येक ओढीत होत राहते, म्हणून कुठलंही बोट गोठून चालत नाही.

वाजवता वाजवता बोलणं हाही बाईंचाच उपाय. ‘आज काय वार?’ असं त्या मधेच विचारतात. उत्तर देता येईना, म्हणजे श्वास रोखलेला, म्हणजे अंगठा ताठलेला. घरी मी आकडे उलटे मोजते.

टोकाकडेच करकर किंवा फुसका आवाज येत असेल तर वेगळं कारण बघा. आरशासमोर उभं राहा. टोकाकडे जाताना कोपर पाठीमागे गेलं की गज घोडीला समांतर राहत नाही, तिरका होऊन फिंगरबोर्डवर चढतो. गजाच्या उत्तरार्धात दंड स्थिर ठेवून कोपरातून हात उघडायचा आणि मनगट थोडं पुढे, आपल्यापासून दूर न्यायचं. जडावलेल्या खांद्यांना ही हालचाल सुरुवातीला खोटी, उलटी वाटते. आरसा सांगतो ती खरी.

रबर, कान आणि चष्मा

आता ती रबराची गोष्ट. घरच्यांना त्रास नको म्हणून मी घोडीवर रबरी म्यूट बसवून सराव करत होते. म्यूट घोडीचं वजन वाढवतो आणि आवाजातला वरचा, कर्कश भाग गिळून टाकतो. म्हणजे करकर होतच होती, मला ऐकू येत नव्हती, एवढंच. सहा आठवडे मी मजेत भार देत राहिले. मग शिकवणीला म्यूट काढला आणि आकाश कोसळलं. ‘घरी तर छान वाजत होतं!’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी म्यूटबद्दल विचारते. रात्री बोटं पाठ करायला म्यूट चालेल. गजाचा सराव त्याच्याशिवायच, मग भले दहा मिनिटं का होईना.

वयानुसार कानाची ताकद आधी वरच्या पट्टीत कमी होते. करकरीचा बराच भाग नेमका त्याच पट्टीत असतो, त्यामुळे आपल्याला ती उशिरा कळते. उलट टोकाला, डावा कान वाद्याला जवळजवळ टेकलेला, म्हणून दूरच्या माणसाला कधीच न पोचणारी गजाची थोडी खसखस आपल्याला मोठी वाटते. ती सगळ्यांचीच असते, तिच्यामागे लागू नका. यावर न्यायाधीश म्हणून फोन ठेवा, दोन-तीन मीटरवर, आणि त्यातलं आवाज ‘साफ’ करणारं सेटिंग बंद करून.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना एक जास्तीची अडचण येते. यंत्राला व्हायोलिनचा लांब, स्थिर सूर ही स्वतःचीच शिट्टी वाटू शकते; ते ती दाबायला जातं आणि सूर हेलकावे खातोय, चिरकतोय असं ऐकू येतं. गजाचा दोष शोधत बसण्याआधी यंत्र काढून चार ओळी वाजवून बघा. फरक पडला तर यंत्र बसवून देणाऱ्याला संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून द्यायला सांगा.

चष्म्याचं मला सगळ्यात उशिरा लक्षात आलं. प्रोग्रेसिव्ह काचांत जवळचं दिसण्याचा भाग खाली असतो. गज घोडीजवळ कुठे टेकलाय ते बघायला नजर डावीकडे काचेच्या कडेतून जाते, तिथे धूसर दिसतं, म्हणून आपण मान वाकडी करून हनुवटी दाबतो. मान आवळली की खांदा, खांदा आवळला की गज. नोटेशनच्या स्टँडच्या अंतराचा एक साधा चष्मा वेगळा करून घेतला. गज बघायचा तर आरशात.

जी करकर नसते ती

काही वेळा आवाज ठीक असतो, सूर चुकलेला असतो, आणि आपण त्यालाही किरकिर म्हणतो. व्हायोलिनला पडदे नाहीत. पूर्ण मापाच्या वाद्यावर तारेची वाजणारी लांबी सुमारे ३२५ मिलिमीटर असते. पहिल्या स्थानात (हात खुंट्यांजवळ असताना) एक मिलिमीटर चुकलं तर अर्ध्या सुराच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढा फरक पडतो, आणि वर जावं तसा तोच मिलिमीटर महाग होत जातो. सूर बरोबर लागला की बाकीच्या तारा साथ देतात आणि वाद्य भरून वाजतं. चुकला की साथ नाही, आवाज सुकतो. डी तारेवर तिसरं बोट, म्हणजे वरचा जी, बरोबर पडला तर जी ची मोकळी तार न छेडता हलते. मी नखाएवढा कागदाचा कपटा दुमडून जी तारेवर बसवला होता. आधी बसवला तारेच्या मधोमध, आणि तो ढिम्म हलेना. मला वाटलं सूरच लागत नाहीये. पण ती तार अशा वेळी दोन भागांत हलते आणि मध्यबिंदू स्थिर राहतो. कपटा घोडीपासून आठेक सेंटीमीटरवर सरकवला, तर सूर लागताक्षणी फडफडायला लागला. एक संध्याकाळ मी दुसरं काही केलंच नाही.

बोट किती दाबायचं? तारेला नुसतं स्पर्श करून वाजवायला लागा, घोगरा आवाज येईल. मग वाजवत असतानाच हळूहळू दाब वाढवा. आवाज स्वच्छ झाला तिथे थांबा. आपण रोज याच्या दुप्पट दाबत असतो असं बहुतेकांच्या लक्षात येतं. आणि डाव्या हाताची नखं कापा.

दुखण्याविषयी थोडक्यात. वाद्य हनुवटीने चिमटून धरायचं नसतं. हनुवटी टेकायचा ठोकळा, म्हणजे चिन रेस्ट, हाच मुळी १८२०च्या सुमाराचा, लुई श्पोर या वादकाने आणलेला. त्याआधीही लोक उत्तम वाजवत होते. मान लांब असेल तर उंच चिन रेस्ट घ्या, खांदा वर उचलून ती उंची भरून काढू नका. एका बैठकीत पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. स्नायू आंबले तर ते विश्रांतीने जातं. बोटांना मुंग्या, बधिरपणा, रात्री हात दुखून जाग येणं, यांतलं काही असेल तर वाजवणं थांबवून डॉक्टरांकडे जा, शिकवणाऱ्याकडे नव्हे.

राहता राहिली ई तारेची शिट्टी. ए वरून मोकळ्या ई वर जाताना सुराऐवजी एकदम ‘चीं’ असा उंच आवाज निघतो, तो. ई ची तार बहुधा नुसत्या पोलादाची, अतिशय बारीक, आणि ती बाजूला हलण्याऐवजी स्वतःभोवती पिळली जाऊन वाजायला लागते. गज थोडा आधीच ई वर नीट टेकवून मग ओढला की बऱ्याचदा जाते. चौथं बोट ए तारेवर ठेवून तोच सूर काढता येतो. तरीही राहिली तर वेटोळं गुंडाळलेली ई तार मिळते, ती लावा. माझी शिट्टी तार बदलून गेली. हाताने घालवण्यात मी त्याआधी तीन आठवडे घातले होते.